जाम झालेला वॉटर पंप इंजिनवरून कसा काढायचा, बोल्ट न तोडता आणि ब्लॉक न खरवडता

मे महिना लागला की आपल्या जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गाड्या तापायला लागतात, कन्नड घाटात किंवा लळिंगच्या चढावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा वांधा वॉटर पंपाचा, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणाऱ्या पंपाचा असतो. पंप बदलणं हे तसं अवघड काम नाही, नवीन पंप बसवायला तासभर लागतो, खरा त्रास आहे तो जुना पंप काढण्यात, कारण आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोरचं पाणी टाकलेलं असतं आणि त्या क्षाराने पंप, बोल्ट, पॅकिंग सगळं एकमेकांना धरून बसलेलं असतं. हा लेख त्या काढण्यावरच आहे, बसवण्याचं शेवटी सांगतो.

"जाम पंप" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी म्हणतात. एक म्हणजे पंपाचं बेअरिंग अडकलं, शाफ्ट फिरत नाही, पुली हाताने हलत नाही. दुसरं म्हणजे पंपाची बॉडी ब्लॉकला चिकटली, सगळे बोल्ट काढले तरी निघत नाही, किंवा बोल्टच निघत नाहीत. आपल्या भागात दोन्ही एकदम सापडतात कारण दोघांचं मूळ एकच आहे. पंपाचं सील कूलंटवर (रेडिएटरमध्ये टाकायच्या गंजरोधक द्रवावर) ओलं राहतं आणि त्यानेच थंड होतं, साध्या पाण्यात गंज आणि क्षाराचे कण आले की सील घासतं, मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग गंजतं आणि एक दिवस अडकतं. त्याच वेळी बाहेर काय होतं तर लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमची बॉडी यांच्यामध्ये ते खारं पाणी बसलं की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी तयार होते, ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे बोल्ट भोकात सगळ्या बाजूंनी आवळला जातो. तुम्ही पाना लावून जोर करता तेव्हा आटे नाही अडवत, ती भुकटी अडवते. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं समजतं, कारण भुकटी ताकदीने निघत नाही, ती ऑइलने, उष्णतेने आणि हलवून-हलवून निघते. नुसत्या ताकदीने फक्त बोल्ट तुटतो.

आधी खात्री करा की पंपच जाम आहे

बेल्ट किंचाळतोय, रबर जळल्याचा वास येतोय, तापमानाचा काटा वर चाललाय, एवढ्यावरून पंप जाम म्हणू नका. त्याच बेल्टवर अल्टरनेटर असतो, एसीचा कॉम्प्रेसर असतो, टेन्शनर आणि आयडलर पुली असतात, काही गाड्यांत स्टिअरिंगचा पंपही असतो. यातलं कोणतंही अडकलं तरी आवाज तोच. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना बेल्ट काढा आणि एकेक पुली हाताने फिरवून बघा. चांगल्या पंपाची पुली गुळगुळीत फिरते, थोडासा जडपणा सीलमुळे असतो तो चालतो. कर्रकर्र लागत असेल, पुली वर-खाली डुलत असेल किंवा अजिबात हलत नसेल तर पंप गेला. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, वीप होल म्हणतात त्याला, तिथून खाली पांढरा, हिरवा किंवा गंजाचा ओघळ दिसला तर सील आधीच गेलेलं आहे असं समजा.

एक गोष्ट मनापासून सांगतो, पंप जाम आहे असं कळल्यावर "गॅरेजपर्यंत तर जाईल" म्हणून गाडी चालू करू नका. बाहेरच्या बेल्टवर पंप असेल तर बेल्ट तुटेल, चार्जिंग जाईल आणि इंजिन काही मिनिटांत इतकं तापेल की हेड पॅकिंग उडेल. आणि पंप टायमिंग बेल्टवर असेल तर प्रकरण फारच गंभीर आहे, अडकलेल्या पुलीवर टायमिंग बेल्ट घासून तुटला किंवा दात सोडून सरकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो. टो करून आणा, रावेरहून जळगावला टो करायचे पैसे परवडतात, हेडचं काम परवडत नाही.

आपला पंप कशावर चालतो ते आधी माहीत करून घ्या. मारुतीची के सिरीज पेट्रोल इंजिनं आणि स्विफ्टमधलं जुनं १.३ डीडीआयएस डिझेल, यांना आत टायमिंग चेन आहे आणि पंप बाहेरच्या बेल्टवर आहे. डस्टरमधलं १.५ डिझेल घेतलं तर तिथे पंप टायमिंग बेल्टवर आहे. जुन्या जीप, बोलेरो, सुमो यांच्यात पंप इंजिनच्या पुढे उघडा असतो आणि त्यावरच पंखा बसवलेला असतो, शिकायला सगळ्यात सोपं हेच. टायमिंग बेल्टवाली गाडी असेल आणि तुम्ही टायमिंगचे मार्क कधी जुळवले नसतील तर तेवढं काम जाणत्या मिस्तरीकडे द्या, यात कमीपणा काही नाही.

सामान

गोटी पान्याचा सेट, त्यात ८, १०, १२, १३ नंबर चांगल्या प्रतीचे आणि सहा कोनी. बारा कोनी गोटी जाम बोल्टवर वापरू नका, डोकं गोल करते. रिंग पाने, रॅचेट, लांब बार, एक टॉर्क पाना, व्हाइस ग्रिप (पकडल्यावर घट्ट धरून राहणारी पक्कड), रबराचा किंवा नायलॉनचा हातोडा, एक साधी छोटी हातोडी, पितळेचा दांडा, लाकडाचे एक-दोन ठोकळे, प्लास्टिकचा खरवडणा, पेनिट्रेटिंग ऑइलचा (जाम आट्यांत शिरणाऱ्या पातळ ऑइलचा) स्प्रे, गॅसचा छोटा टॉर्च, मोठं टब, जुनी कापडं, जाड पुठ्ठा आणि मार्कर. पेनिट्रेटिंग ऑइल मिळत नसेल तर एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात आणि ते चांगलं शिरतं, फक्त ॲसिटोन झटकन पेट घेतं आणि उडूनही जातं, म्हणून लागेल तेवढंच करा आणि विडी-काडी लांब ठेवा. आपल्याकडे बरेच जण रॉकेल नाहीतर डिझेल टाकतात, त्याने काम होतं पण फार हळू.

नवीन पंप, पॅकिंग, बेल्ट, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि कूलंट हे सगळं आधी घरात आणून ठेवा. जुना पंप काढायच्या आधी नवीन पंप हातात घेऊन नीट बघायचा हा माझा ठाम आग्रह आहे, कारण बोल्ट किती आहेत, कुठे आहेत, एखादा पुलीच्या मागे लपलाय का, ब्लॉकमध्ये जाणारा गोल गळा किती लांब आहे, ओ-रिंग आहे की कागदी पॅकिंग, हे सगळं तिथे स्वच्छ दिसतं जे इंजिनवर चिखलात आणि ग्रीसमध्ये दिसत नाही.

आदल्या संध्याकाळी

खरं काम आदल्या दिवशी सुरू होतं. गाडी सावलीत सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, इलेक्ट्रिक पंखेवाल्या गाडीत इग्निशन बंद असलं तरी पंखा अचानक चालू होऊ शकतो आणि तुमची बोटं तिथेच असतात.

पंपाचे जेवढे बोल्ट दिसतात त्यांच्या डोक्याभोवतीची माती तारेच्या ब्रशने साफ करा, मातीवर स्प्रे मारला तर माती ऑइल पिते, आटे कोरडेच राहतात. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्याखाली स्प्रे मारा, आणि पंपाची बॉडी जिथे ब्लॉकला टेकते त्या रेषेवरसुद्धा वरच्या बाजूने मारा म्हणजे खाली उतरेल. आता पितळेचा दांडा बोल्टच्या डोक्यावर सरळ धरून हातोडीने मध्यम जोराचे ठोके द्या, धाडधाड नाही, टण-टण. या धक्क्याने भुकटीला बारीक तडे जातात आणि ऑइल त्यातून आत सरकतं. ठोके देऊन झाले की परत स्प्रे. झोपायच्या आधी एकदा, सकाळी उठल्यावर एकदा. बोल्ट फार पांढरे पडलेले असतील तर दोन रात्री जाऊ द्या. गाडीची घाई असते हे मान्य आहे, कापसाच्या दिवसांत नाहीतर केळीची गाडी भरायची असते तेव्हा कोणाला थांबायला वेळ नसतो, पण तुटलेला बोल्ट काढायला जो वेळ जातो त्यापुढे एक रात्र काहीच नाही.

पाणी काढणं

गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्या दाबाखाली आतलं पाणी १०० च्या वर जाऊनसुद्धा उकळत नाही, झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होस पाइप हाताने दाबून बघा, गार आणि मऊ लागला तरच झाकण फिरवा, तेही वर जाड कापड ठेवून.

खालचा कॉक असेल तर तो, नसेल तर खालचा होस काढून पाणी टबमध्ये घ्या. ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असेल तर तोही उघडा, नाहीतर पंप सुटताक्षणी उरलेलं पाणी तुमच्या अंगावर आणि अल्टरनेटरवर येतं. अल्टरनेटरवर आधीच प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलेली बरी. निघालेल्यात कूलंट असेल तर ते गटारीत, शेतात किंवा अंगणात सांडू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्रं, मांजर, वासरू चाटून मरू शकतं. बंद कॅनमध्ये भरा, लेबल लावा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

होस चिकटलेला असेल तर ओढू नका, आधी क्लिप सरकवून होस हाताने पिळा, म्हणजे गोल फिरवा. फिरला की निघतो. नाहीच फिरला आणि होस जुना असेल तर ब्लेडने लांबीत चीर द्या आणि नवीन होस टाका, ओढाताणीत रेडिएटरची प्लास्टिकची नळी तुटली तर खर्च कुठल्या कुठे जातो.

पंपापर्यंत

बेल्ट ढिला करायच्या आधी पुलीचे बोल्ट सैल करायचे हा नेहमीचा नियम, कारण बेल्ट पुलीला धरून ठेवतो. शाफ्ट पूर्ण जाम असेल तर तोच तुमच्यासाठी पुली धरून ठेवतो, हे बोल्ट उलट सहज सुटतात, जाम पंपाचा एवढाच एक फायदा. शाफ्ट अर्धवट अडकत असेल तर जुना बेल्ट पुलीभोवती गुंडाळून आवळून धरा.

पंपावर पंखा असलेल्या गाडीत आधी रेडिएटरच्या आतल्या अंगाला पुठ्ठा सरकवा, पाना निसटला तर तो जाळीत घुसतो आणि मग रेडिएटरही बदलावा लागतो. व्हिस्कस क्लचचा (पंखा पंपाला जोडणाऱ्या, आत ऑइल असलेल्या भागाचा) मोठा नट काही इंजिनांत उलट्या आट्याचा असतो, काहींत सुलट्या, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघून किंवा नवीन पंपाच्या शाफ्टचे आटे बघूनच पाना लावा. निघालेला व्हिस्कस क्लच गाडीवर होता तसा उभा ठेवायचा, आडवा टाकू नका, आतलं ऑइल गळू शकतं.

आता पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा आणि बोल्ट निघेल तसा त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. पंपाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, वरून घट्ट वाटतो पण पंप दाबलाच जात नाही, किंवा ब्लॉकला चीर पाडतो.

बोल्ट सोडवणं, इथे सावकाश

पहिला पाना लावताना सोडवायच्या दिशेला नाही, आवळायच्या दिशेला अगदी किंचित हलवून बघा. हललं, एवढंसं जरी हललं, तरी भुकटी फुटली. मग सोडवायच्या दिशेला पाव वळण, परत थोडं आवळायचं, स्प्रे मारायचा, परत सोडवायचं. पुढे-मागे, पुढे-मागे. लांब पाइप रॅचेटला घालून एकदम ओढायचं नाही. १० नंबरची गोटी लागते तो बोल्ट ६ एमएम आट्याचा असतो आणि तो फार नाजूक आहे, त्याला आवळायचा टॉर्कच साधारण १० न्यूटन मीटर असतो, लांब पाइपने तुम्ही त्याच्या कितीतरी पट लावता आणि तुम्हाला कळतही नाही.

हाताला काय जाणवतं ते ऐका. "टक्" असा कोरडा आवाज येऊन बोल्ट सुटला तर छान. पण पाना फिरतोय आणि रबरासारखं लचकतंय, सोडलं की परत मागे येतंय, तर बोल्ट पिळला जातोय आणि तुटायच्या बेतात आहे. तिथेच थांबा. आता उष्णता.

गॅस टॉर्चने बोल्टचं डोकं नाही तापवायचं, बोल्टच्या भोवतीची ॲल्युमिनियमची बॉडी तापवायची. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून दोन्ही तापले तरी भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड ढिली होते. ज्योत एका जागी धरू नका, गोल फिरवत राहा. पाण्याचा थेंब टाकला आणि चर्र करून उडाला की पुरे, त्याच्यावर थोडंच जायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ते ६६० अंशाला वितळतं आणि ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो, दिसायला तसंच दिसतं आणि अचानक खाली बसतं. पंप जाणारच आहे पण ब्लॉक किंवा टायमिंग कव्हर तुम्हाला वाचवायचंय.

ज्योत लावायच्या आधी जवळचे होस, वायरिंग, डिझेल-पेट्रोलच्या नळ्या बघा, ओल्या कापडाने झाका, आणि स्प्रे मारलेलं सगळं पुसून वाळू द्या, पेनिट्रेटिंग ऑइल पेटतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी टॉर्च अजिबात नको, काही क्लीनरमध्ये क्लोरीन असतं आणि ते तापून विषारी वायू तयार होतो. काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नाही, आणि वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी. जागा गरम असतानाच बोल्टच्या बुडाशी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि पेनिट्रेटिंग ऑइलपेक्षा कमी धोक्यात तेच काम करतं. मग पाना, परत पुढे-मागे. एका तापवण्यात नाही निघालं तर थंड होऊ द्या आणि परत तापवा, तापणं-निवणं हेच भुकटी मोडतं. गरम ब्लॉकवर गार पाणी ओतून लवकर थंड करू नका, ओतीव लोखंड तडकतं.

डोकं गोल झालं असेल तर एक नंबर कमी असलेली सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा, किंवा डोक्याच्या दोन बाजू कानसने सपाट करून व्हाइस ग्रिप लावा.

तुटलाच तर

तुटला तर ड्रिल उचलू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. बाकीचे बोल्ट आधी काढा. डोकं तुटलेला बोल्ट अजून पंपाच्या जाडीतून जातोय, म्हणजे पंप त्याच्यावरून सरकवून काढला की ब्लॉकमधून बोटाच्या पेराएवढा तुकडा बाहेर राहतो, आणि त्याला पकडता येतं. त्या तुकड्याला स्प्रे, थोडी उष्णता, मग व्हाइस ग्रिप घट्ट लावून परत तेच पुढे-मागे. बरेचसे इथेच निघतात.

पृष्ठभागाला लागूनच तुटला असेल तर वेल्डिंगवाल्याला बोलवा. तुकड्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्ड करतात, वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट सैलही होतो आणि पाना लावायला डोकंही मिळतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि नवीन गाडी असेल तर ईसीयूचे म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे कनेक्टरसुद्धा. हेही जमलं नाही तर बरोबर मध्यभागी पंच मारून बारीक ड्रिलपासून सुरुवात, शक्यतो उलट्या दिशेच्या ड्रिलने, कारण ड्रिल फिरताना कधीकधी तुकडाच बाहेर येतो. ईझी आउट (तुटका बोल्ट फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) वापरताना हात फार हलका ठेवा, ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साध्या ड्रिलने कापत नाही आणि मग लेथवाल्याकडेच जावं लागतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे) बसवून घ्या, ते मूळ आट्यांपेक्षा कमी नाही.

सगळे बोल्ट निघाले पण पंप हलत नाही

आधी परत मोजा. नवीन पंप हातात घ्या, त्याची भोकं मोजा, पुठ्ठ्यावरचे बोल्ट मोजा. "चिकटलेल्या" पंपात एखादा बोल्ट शिल्लक असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमधून येणारा किंवा पुलीच्या मागचा. बोल्ट शिल्लक असताना पहार लावली तर बॉडी किंवा ब्लॉकचा कान तुटतो.

खरंच सगळे निघालेत याची खात्री झाली की दोन बोल्ट चार-पाच आट्यांवर परत लावून ठेवा, पंप अचानक सुटला तर पायावर पडणार नाही. काही पंपांच्या बॉडीला दोन मोकळी आटे पाडलेली भोकं असतात ज्यांच्यामागे ब्लॉकचा सपाट भाग येतो, ती पंप ढकलायलाच दिलेली असतात, त्यात त्याच आट्याचे बोल्ट घालून दोन्हीकडून अर्धं-अर्धं वळण आवळत जा, पंप सरळ वर उचलला जातो. नवीन पंपावर अशी भोकं दिसतात का बघा.

नसतील तर बाजूने मारायचं. लाकडाचा ठोकळा पंपाच्या कडेला टेकवून एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, एकदा खालून वर. समोरून मारू नका, त्याने पंप आणखी आत बसतो. वरवंट्याखालचा जड पाटा जसा आपण सरळ न उचलता आधी एका कोपऱ्यावर फिरवून सोडवतो तसंच इथे, फिरवायची हालचाल द्यायची, पंपाचा गोल गळा ब्लॉकच्या भोकात गंजाने धरलेला असतो आणि तो पिळल्याने सुटतो, ओढल्याने नाही. शाफ्टचा हब उघडा असेल तर त्याला जुन्या पुलीचे दोन बोल्ट लावून, त्यात लांब बार अडकवून डावी-उजवीकडे हलवता येतं, जाम शाफ्ट इथे चांगली मूठ होतो.

स्क्रू ड्रायव्हर किंवा छिन्नी पॅकिंगच्या फटीत ठोकायची नाही. कितीही मोह झाला तरी नाही. ब्लॉकच्या तोंडावर पडलेली एक खोल रेघ म्हणजे नवीन पंपाला कायमची गळती, आणि ती कोणत्याही सिलिकॉनने नीट भरत नाही. उचकटायला लोखंडी पट्टी टेकवायचीच असेल तर बॉडीला बाहेर आलेले कान असतात तिथे, खाली लाकडाची पट्टी ठेवून. कागदी पॅकिंगच्या रेषेत पातळ ब्लेड हळूहळू सगळीकडून सरकवता येतं. यानंतरही नाही निघाला तर परत उष्णता, परत स्प्रे, एक रात्र, परत बाजूचे ठोके.

निघाल्यावर, आणि नवीन बसवताना

जुना पंप फेकून द्यायच्या आधी त्याचा आतला पंखा बघा. लोखंडी पाती खाल्ली गेली असतील, प्लास्टिकचा पंखा शाफ्टवर नुसता फिरत असेल, किंवा पाती तुटून गायब असतील. गायब असतील तर ते तुकडे इंजिनच्या पाण्याच्या वाटेत कुठेतरी आहेत, शोधून काढा. आत लाल चिखल असेल तर थर्मोस्टॅट काढून नळाचा पाइप लावा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, रेडिएटर उलट्या दिशेने.

ब्लॉकचं तोंड प्लास्टिकच्या खरवडण्याने साफ करा, आधी भोकात कापडाचा बोळा कोंबून. ग्राइंडरची घासायची चकती लावू नका, तिची भुकटी ऑइलमध्ये गेली तर क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाते. बोल्टच्या भोकांत पाणी-ऑइल साचलं असेल तर हवेने उडवा, डोळ्यांवर चष्मा लावून. तळ बंद असलेल्या भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही, ब्लॉक चिरतो.

ओ-रिंग असेल तर तिला फक्त कूलंटचा ओला हात, सिलिकॉन नाही. कागदी पॅकिंग असेल तर सिलिकॉनचा पातळ हात पुरतो. नुसतं सिलिकॉन सांगितलं असेल तर २-३ एमएमची एकसारखी रेघ, आणि पॅकेटवर लिहिलंय तेवढा वेळ सुकू द्या, जास्त सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या नळ्या बुजवतं. पाण्याच्या पोकळीत जाणाऱ्या बोल्टला थ्रेड सीलंट, बाकीच्यांना मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर अँटी-सीझ ग्रीस अगदी थोडं. ग्रीस लावल्यावर टॉर्क थोडा कमी ठेवायचा कारण आटे घसरतात आणि बोल्ट जास्त ताणला जातो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ८ एमएम आट्याच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर, पण तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

आता कूलंट. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला" हे मी धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत ऐकलंय, आणि हेच वाक्य आपले पंप खातं. कूलंट फक्त बर्फासाठी नाही, त्यात गंजरोधक असतात, ते उकळायचा बिंदू वर नेतं आणि पंपाचं सील सांभाळतं. यावल-रावेरच्या खोल बोरचं पाणी ज्या भांड्यात उकळतो त्याच्या तळाला पांढरा थर बसतो तो सगळ्यांनी बघितलाय, तोच थर इंजिनच्या आत बसतो. रेडी मिक्स घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. दोन प्रकारचे कूलंट मिसळू नका.

कूलंट भरल्याशिवाय इंजिन एक सेकंदही चालू करायचं नाही, नवीन सील कोरडं फिरलं की जळतं. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा, हळूहळू भरा, होस दाबत राहा, बुडबुडे येऊ द्या. मग इंजिन चालू करून आयडलवर ठेवा, थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो, वरचा होस एकदम गरम झाला की समजा उघडला. पंखा लागून बंद होईपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा. मग इंजिन बंद, पूर्ण थंड, परत लेव्हल बघा, बहुतेक वेळा अर्धा-पाऊण लिटर आणखी लागतं.

पहिले दोन-तीन दिवस सकाळी गाडी काढायच्या आधी खाली बघायचं आणि वीप होलला बोट लावायचं. नवीन सील बसेपर्यंत सुरुवातीला एखादा थेंब येऊ शकतो, तो थांबतो. आठवड्यानंतरही ओलं लागत असेल तर पंपच खराब आलाय, म्हणून बिल आणि जुना पंप तोपर्यंत सांभाळून ठेवा आणि लांबच्या घाटात गाडी घालायच्या आधी बदलून घ्या.